नवा पीसी जोडताना कोणता पार्ट कधी आणि कसा तपासायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: राइझन ५ ७६०० सीपीयू, बी६५० चिपसेटचा मदरबोर्ड, १६ जीबीच्या दोन डीडीआर५-६००० रॅम स्टिक, १ टीबीचा जेन ४ एनव्हीएमई एसएसडी, आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड आणि ६५० वॉटचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) घेतला आहे. थोडं सामान मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, थोडं ऑनलाइन. सगळं कॅबिनेटमध्ये बसवून थेट चालू करावं, की आधी एकेक पार्ट तपासावा? आणि तपासायचं तर कशानं?

आधी तपासा. सगळं एकदम जोडलं आणि स्क्रीन काळीच राहिली, तर बोर्डपासून पॉवर बटनाच्या वायरपर्यंत कशावरही संशय घ्यावा लागतो. कमीत कमी पार्टवर बोर्ड चालू केला आणि मग एका वेळी एकच पार्ट वाढवला, तर जो जोडल्यावर गडबड झाली तोच संशयित. आणखी एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. पीसी चालू होणं वेगळं आणि नीट चालणं वेगळं. सदोष रॅमवरसुद्धा विंडोज बसतं, गेम सुरू होतो आणि फाइल कॉपी होते. त्या फायलीत चूक शिरली हे मात्र महिन्यांनी कळतं, तेव्हा बदलून घेण्याची मुदत संपलेली असते. म्हणून विंडोज टाकण्याआधी रॅमची पूर्ण चाचणी, हा माझा यातला सगळ्यात ठाम आग्रह आहे.

खोके उघडतानाच एक काम उरकून घ्या. प्रत्येक खोक्यावरचा सिरियल नंबर, पार्टवरचा सिरियल नंबर आणि बिलावरचा सिरियल नंबर जुळवून पाहा. ऑनलाइन आलेलं पार्सल उघडताना न थांबवता एक सलग व्हिडिओ घ्या. दुकानातून घेतलेल्या मालाचं जीएसटीचं पक्कं बिल हवं, आणि त्यावर नंबर नसतील तर लिहून मागा.

आधी घरातला प्लग

हा भाग बहुतेक जण गाळतात. आपल्याकडच्या जुन्या घरांत आणि चाळींत तीन पिनी सॉकेट असतं, पण अर्थिंग असतंच असं नाही. मल्टिमीटर एसी ७५० व्होल्टच्या रेंजवर ठेवून मोजा. फेज ते न्यूट्रल २३०च्या आसपास, फेज ते अर्थही जवळपास तेवढंच आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत यायला हवं. फेज ते अर्थ ८० किंवा १२० असं काहीतरी अधांतरी दिसलं, तर अर्थची वायर कुठेतरी तुटलेली आहे. अशा ठिकाणी कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात, आणि लोक एसएमपीएस खराब म्हणून परत करतात. खरं कारण एसएमपीएसच्या आतल्या फिल्टर कपॅसिटरमध्ये आहे. अर्थ नसेल तर ते धातूच्या खोक्याला फेजच्या साधारण निम्म्या व्होल्टेजवर आणून ठेवतात. करंट अगदी थोडा असतो, पण टीव्हीला किंवा दुसऱ्या यंत्राला एचडीएमआय केबल जोडताना पोर्ट जळायला तो पुरू शकतो. मीटर हाताळायची सवय नसेल तर हे मोजमाप इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, स्वतः धाडस नको.

बोर्ड खोक्यावर, कॅबिनेट बाजूला

बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. चंदेरी अँटिस्टॅटिक पिशवीवर ठेवून चालू करू नका, कारण त्या पिशवीच्या थरात धातू असतो.

सीपीयू बसवण्याआधी सॉकेटचे जवळून दोन-तीन स्पष्ट फोटो काढा, मोबाइलचा टॉर्च तिरका धरून. एएम५ मध्ये, म्हणजे या सीपीयूच्या सॉकेटमध्ये, १७१८ पिना बोर्डवर असतात, सीपीयूवर नाही. सगळ्या पिनांची टोकं एकाच दिशेनं चमकली पाहिजेत. एखादी रांग तुटक दिसली तर तिथेच थांबा आणि दुकानदाराला फोटो पाठवा. सीपीयू बसवून झाल्यावर वाकलेली पिन दाखवली तर ती तुम्हीच वाकवली असं म्हटलं जाणार. सॉकेटवरचं काळं प्लास्टिकचं झाकण जपून ठेवा, वॉरंटीसाठी बोर्ड देताना ते नसेल तर माल नाकारला जाऊ शकतो.

७६०० सोबत आलेला रेथ स्टेल्थ कूलर स्क्रूनं बसतो. त्यासाठी सॉकेटच्या दोन्ही बाजूंचे प्लास्टिकचे ब्रॅकेट काढावे लागतात. मागची पट्टी एएम५ वर जागेवरच राहते. या कूलरला थर्मल पेस्ट आधीच लावलेली असते, वर पुन्हा लावू नका. स्क्रू एक पूर्ण आवळून मग दुसरा असं न करता समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. दाब एका बाजूला जास्त पडला की तापमान तर वाढतंच, पण सॉकेटमधल्या काही पिनांचा संपर्कही कच्चा राहतो, आणि मग एखादा रॅम स्लॉट दिसेनासा होतो. दुसऱ्या कंपनीचा कूलर असेल तर तळाची पारदर्शक फिल्म काढली का ते पाहा.

आता जोडायचं एवढंच: सीपीयू, पंख्याची वायर सीपीयू_फॅनवर, एक रॅम स्टिक, २४ पिनी केबल आणि ८ पिनी सीपीयू केबल. स्टिक सीपीयूकडून मोजून दुसऱ्या स्लॉटमध्ये, म्हणजे ए२ मध्ये. ७६०० मध्ये छोटा ग्राफिक्स भाग आहे, त्यामुळे मॉनिटर बोर्डच्याच एचडीएमआयला लावा. ग्राफिक्स कार्ड या टप्प्यावर नको. नावात एफ असलेला सीपीयू, उदाहरणार्थ ७५००एफ, असता तर मात्र कार्ड पहिल्यापासून लावावं लागलं असतं.

इथे एक धोका सांगून ठेवतो. सीपीयूची ८ पिनी आणि ग्राफिक्स कार्डची ८ पिनी केबल दिसायला सारखी असते. पहिली ४+४ अशी फुटते, दुसरी ६+२. आणि मॉड्युलर (केबली सुट्या निघणाऱ्या) एसएमपीएसच्या केबली दुसऱ्या एसएमपीएसच्या कधीही वापरू नका, कंपनी तीच असली तरी. एसएमपीएसकडच्या टोकाला पिनांची मांडणी प्रमाणित नसते. ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले की एसएसडी आणि हार्ड डिस्क त्याच क्षणी जातात.

आता चालू करायला बोर्डच्या कोपऱ्यातल्या पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं क्षणभर जोडा. नेमक्या कुठल्या दोन, ते मॅन्युअलमधल्या चित्रात पाहून घ्या.

पहिला स्टार्ट: हात बांधून थांबा

डीडीआर५ च्या बोर्डवर पहिल्यांदा चालू करताना मेमरी ट्रेनिंग चालतं. बोर्ड रॅमसोबत सिग्नलची वेळ जुळवून बघत असतो. पंखा फिरतो, डीरॅमचा (रॅमचा) लाइट पेटलेला राहतो, स्क्रीन काळी, कधी पीसी आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो. यात काही मिनिटं सहज जातात. एएम५ वर, विशेषतः जुन्या बायोसवर (बोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर), दहा मिनिटंही लागू शकतात. पंधरा मिनिटं घड्याळ लावून थांबा. मध्येच बंद केलंत तर ट्रेनिंग पहिल्यापासून सुरू होतं, आणि तुमच्या मते बोर्ड 'डेड' ठरतो. बायोस अपडेट केल्यावर, रॅम बदलल्यावर किंवा सीमॉस क्लिअर केल्यावर (बायोसच्या सेटिंग पुसल्यावर) हेच पुन्हा होणार, हे गृहीत धरा.

पंधरा मिनिटांनंतरही डिस्प्ले नाही, तर बोर्डवरचे चार छोटे लाइट बघा: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए (ग्राफिक्स), बूट. जो पेटून राहतो तिथे तपासणी अडली आहे. डीरॅमवर अडलं तर स्टिक काढून क्लिक ऐकू येईपर्यंत पुन्हा दाबा, मग दुसरी स्टिक, मग बी२ स्लॉट. सीपीयूवर अडलं तर आधी ८ पिनी केबल पूर्ण बसली का ते पाहा, त्यानंतर बायोसचा विचार करा. ७६०० बी६५० बोर्डांवर चालतो, पण राइझन ९००० मालिकेतला सीपीयू असता तर दुकानात वर्षभर पडून राहिलेल्या बोर्डचा बायोस जुना निघू शकला असता. बोर्डला बायोस फ्लॅशबॅकचं बटन असेल तर सीपीयू नसतानाही अपडेट होतं. पेनड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीनं फॉरमॅट करा, फाइलला मॅन्युअलमध्ये दिलेलं नाव द्या, खूण केलेल्या यूएसबी पोर्टला लावा, बटन दाबून धरा आणि लाइट लुकलुकायचा थांबेपर्यंत वीज जाऊ देऊ नका.

काहीच हललं नाही, पंखासुद्धा नाही, तर एसएमपीएस एकटा तपासा. सगळ्या केबली पार्टपासून काढा. मेन्स बंद ठेवून २४ पिनी कनेक्टरची १६ नंबरची पिन शेजारच्या १५ किंवा १७ नंबरशी पेपरक्लिपनं जोडा, मग मेन्स चालू करा. रंगीत वायरी असतील तर १६ म्हणजे हिरवी आणि शेजारच्या दोन्ही काळ्या. कमी लोडवर पंखा बंद ठेवणारे एसएमपीएस असतात, म्हणून पंखा फिरला नाही यावरून निष्कर्ष काढू नका. चार पिनी मोलेक्स कनेक्टरवर मीटर लावा. मधल्या दोन पिना ग्राउंड, एका टोकाला १२ व्होल्ट, दुसऱ्या टोकाला ५. १२ची लाइन ११.४ ते १२.६ आणि ५ची ४.७५ ते ५.२५ यांच्यात हवी. एवढ्यानं तो सुरू होतो हेच सिद्ध होतं, लोड झेपतो का ते नाही. एसएमपीएस उघडू मात्र नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर चारशे व्होल्टच्या जवळपास असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ राहतात.

रॅम: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

डिस्प्ले आला की बायोसमध्ये सीपीयूचं नाव, तापमान आणि पंख्याचे आरपीएम बघा. बायोसमध्ये सीपीयू ४० ते ५५ अंशांवर दिसला तर ठीक. काही सेकंदांत ९० कडे धावला तर बंद करा, कूलर टेकलेला नाही.

मग दुसरी स्टिक बी२ मध्ये लावा. एक्स्पो, म्हणजे रॅम तिच्या ६००० च्या वेगानं चालवणारी बायोसमधली सेटिंग, अजून बंदच ठेवा. या स्थितीत डीडीआर५ बहुधा ४८०० वर चालते. रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ हा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर टाकून त्यावरून बूट करा. मोफत आवृत्ती चार फेऱ्या करते, ३२ जीबीला त्यात तास जातात, म्हणून रात्री लावून ठेवा. निकाल वाचायला सोपा आहे: एकही एरर चालत नाही. 'एकच तर आली' असं म्हणून सोडून द्यायचं नाही. डीडीआर५ च्या चिपमध्ये आतल्या आत चूक दुरुस्त करायची सोय असते, तिच्यावरही भिस्त ठेवू नका. ती चिपच्या आतल्या चुकांपुरती आहे, चिप आणि सीपीयू यांच्या वाटेतल्या चुका ती पाहत नाही.

४८०० वर एरर आली तर अदलाबदल करून पाहा. एक स्टिक एकटी ए२ मध्ये, मग दुसरी एकटी त्याच ए२ मध्ये. नंतर दोन्ही एकेकट्या बी२ मध्ये. एरर स्टिकसोबत फिरली तर स्टिक खराब. स्टिक कोणतीही असो, एरर एकाच स्लॉटला चिकटून राहिली तर संशय बोर्ड, सॉकेटची पिन किंवा सीपीयूच्या संपर्कावर. सीपीयू काढून पिना पाहा, कूलर समान दाबानं पुन्हा बसवा आणि परत चाचणी घ्या. हे न करता बोर्ड परत देऊ नका. स्टिक खराब निघाली तर बदलून घेताना किटमधल्या दोन्ही द्या. वेगवेगळ्या वेळी बनलेल्या स्टिकवर बाहेरून नाव एकच असलं तरी आतली चिप निराळी असू शकते.

४८०० वर स्वच्छ निघालं की एक्स्पो चालू करून ६००० वर तीच चाचणी पुन्हा. इथेच एरर आली तर रॅम खराब म्हणायची घाई नको. ७६०० साठी एएमडीनं दिलेला अधिकृत वेग दोन स्टिकना ५२०० आहे. त्यावरचं सगळं ओव्हरक्लॉकमध्ये मोडतं, आणि ते झेपवण्याची जबाबदारी सीपीयूमधल्या मेमरी कंट्रोलरवरही असते. आधी बायोस अद्ययावत करा. मग ५६०० वर चालवून बघा. ५६०० वर स्वच्छ असेल आणि तुमच्या किटचा नंबर बोर्डच्या सुसंगत रॅमच्या यादीत ६००० ला असेल, तर दुकानदाराशी बोलायला तुमच्याकडे मुद्दा आहे. यादीत नसेल तर ५६०० वर समाधान माना, रोजच्या वापरात फरक जाणवणार नाही. एक्स्पो लावल्यावर सीपीयूचं एसओसी व्होल्टेज (मेमरी कंट्रोलर असलेल्या भागाचं) १.३० च्या वर नाही ना ते पाहून घ्या. २०२३ मध्ये काही राइझन ७००० सीपीयू जळाल्यानंतर एएमडीनं ही मर्यादा घातली, जुन्या बायोसमध्ये ती नसते.

आणि पुढे कधी आणखी दोन स्टिक घेऊन चारही स्लॉट भरायचा विचार असेल तर आत्ताच सोडा. चार स्टिकना याच सीपीयूचा अधिकृत वेग ३६०० वर येतो. ६४ जीबी हवी असेल तर ३२च्या दोन घ्या.

मेमटेस्ट८६ स्वच्छ निघाली तरी विंडोज टाकल्यावर टेस्टमेम५ सारखा प्रोग्रॅम तासभर चालवा. तो रॅमला जास्त तापवतो, आणि तापल्यावरच दिसणाऱ्या चुका असतात.

एसएसडी

यात फार वेळ जात नाही. विंडोज टाकल्यावर ड्राइव्हची माहिती दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो उघडा. नव्या ड्राइव्हचे पॉवर ऑन अवर्स एक-दोन आकड्यांतच असायला हवेत, आणि लिहिलेला डेटाही विंडोजएवढाच. शेकडो तास दिसले तर वापरलेला माल नवा म्हणून विकला आहे, स्क्रीनशॉट घ्या आणि परत करा. वेग मोजणाऱ्या क्रिस्टलडिस्कमार्कमध्ये चांगल्या जेन ४ ड्राइव्हचा सलग वाचण्याचा वेग ५००० ते ७००० एमबी प्रति सेकंद असतो. ३५०० वर अडकला तर ड्राइव्हला दोष देण्याआधी तो जेन ३ च्या स्लॉटमध्ये तर नाही ना ते बघा. हीटसिंकखालच्या थर्मल पॅडवरची फिल्म काढायला विसरू नका, ती राहिली की मोठी फाइल कॉपी करताना वेग मध्येच कोसळतो. जुनी हार्ड डिस्क जोडणार असाल तर स्मार्टमधल्या (डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या ज्या नोंदी ठेवते त्यातल्या) ०५, सी५, सी६ या ओळी शून्य हव्यात. सी७ वाढत असेल तर दोष बहुधा साटा केबलचा, डिस्कचा नव्हे.

ग्राफिक्स कार्ड

कार्ड शेवटी लावा, वरच्या लांब स्लॉटमध्ये, लॅचचा आवाज येईपर्यंत. मॉनिटरची केबल आता कार्डला. कार्डाची माहिती दाखवणारा जीपीयू-झेड उघडून बस इंटरफेस (कार्ड आणि बोर्डमधली जोडणी) पाहा. ४०६० ला मुळातच आठ लेन (डेटाच्या वाटा) आहेत, त्यामुळे एक्स८ दिसणं बरोबर आहे. एक्स१६ दिसत नाही म्हणून बोर्ड परत करू नका. एक्स४ किंवा एक्स१ दिसलं तर कार्ड काढून पुन्हा बसवा. नुसतं पडून असताना जोडणीची आवृत्ती १.१ दिसते, कार्ड वीज वाचवत असतं. शेजारचं प्रश्नचिन्हाचं बटन दाबून रेंडर टेस्ट चालू केली की खरा आकडा येतो.

मग कार्डाला पूर्ण जोर लावणारा फरमार्क वीस मिनिटं. ४०६० साधारण ११५ वॉटचं कार्ड आहे, ६५ ते ७५ अंशांवर स्थिरावलं तर उत्तम. हॉटस्पॉट (चिपवरची सगळ्यात गरम जागा) आणि जीपीयूच्या तापमानात १० ते २० अंशांचा फरक नेहमीचा, ३० च्या पुढे गेला तर आत कूलर किंवा पेस्ट नीट बसलेली नाही. कमी लोडवर पंखे थांबलेले असणं हा दोष नाही. बारीक किरकिरणारा आवाज म्हणजे कॉइल व्हाइन, कानाला त्रास होतो पण बिघाड नव्हे. रंगीत ठिपके, चौकोन किंवा चमकणाऱ्या रेषा दिसल्या तर मात्र ओसीसीटी या चाचणीच्या प्रोग्रॅममधली व्हीरॅम (कार्डावरची मेमरी) चाचणी लावा. तिथे एरर आली तर कार्ड परत.

आता कॅबिनेट, आणि सगळ्यांवर एकदम लोड

खोक्यावर नीट चालणारा संच कॅबिनेटमध्ये गेल्यावर बंद पडला, तर बहुधा पार्ट खराब नसतात, जोडणीत चूक असते. बोर्डला भोक नाही त्या जागी उभा राहिलेला पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर टेकतो तो खुंट) बोर्डच्या मागून शॉर्ट करतो. बोर्डसोबत वेगळी आलेली मागच्या पोर्टची पत्र्याची पट्टी असेल तर तिची जीभ लॅन पोर्टमध्ये घुसते. पुढच्या यूएसबीच्या हेडरची पिन वाकते, रीसेटचं बटन दाबलेलंच अडकतं. समोरच्या सगळ्या वायरी काढून पुन्हा पिनांवरून सुरू करा, बहुतेक वेळा तिथेच उत्तर मिळतं.

सीपीयूसाठी सिनेबेंच आर२३ या चाचणी प्रोग्रॅमची दहा मिनिटांची फेरी घ्या. ७६०० ला मल्टिकोअर गुण चौदा हजारांच्या आसपास मिळतात. रेथ स्टेल्थवर तापमान ९० च्या जवळ गेलं तर घाबरू नका, या सीपीयूची मर्यादा ९५ आहे. बारा हजारांच्या खूप खाली गेलात तर कूलर तपासा. खोलीचं तापमान लिहून ठेवा. पुण्यात जानेवारीत २४ अंशांच्या खोलीत घेतलेली चाचणी नागपूरच्या मे महिन्यातल्या ४० अंशांच्या खोलीला लागू पडत नाही. खोली जेवढी तापते तेवढेच पार्टही वर जातात.

शेवटी ओसीसीटीची पॉवर चाचणी, जी सीपीयू आणि कार्ड दोन्हींना एकदम पूर्ण जोर लावते, अर्धा तास. मोलेक्सवर मीटर लावून ठेवा. १२ व्होल्ट ११.४ च्या खाली जाता कामा नये. प्रोग्रॅममध्ये दिसणाऱ्या व्होल्टेजवर विसंबू नका, मीटरचाच आकडा खरा. पीसी क्लिक होऊन एकदम बंद झाला तर पहिला संशय एसएमपीएसवर. त्यानंतर विंडोजमधला इव्हेंट व्ह्यूअर (घडामोडींची नोंदवही) उघडा. कर्नल-पॉवर ४१ ही नोंद एवढंच सांगते की पीसी नीट बंद न होता गेला, का ते सांगत नाही. डब्ल्यूएचईए-लॉगरच्या (हार्डवेअरच्या चुकांच्या) नोंदी असतील तर त्या सीपीयू, रॅमचा वेग किंवा पीसीआय जोडणीकडे बोट दाखवतात. एक्स्पो बंद करून पुन्हा चाचणी घ्या. नोंदी थांबल्या तर कारण सापडलं.

हा प्रश्न इंटेलच्या १३व्या किंवा १४व्या पिढीच्या सीपीयूबद्दल कोणी विचारत असेल तर एक भर: गेम 'व्हिडिओ मेमरी संपली' म्हणून बंद पडत असेल, तरी दोष कार्डचा नसून सीपीयूचा असू शकतो. जास्त व्होल्टेजमुळे त्या पिढ्यांतले काही सीपीयू हळूहळू अस्थिर होतात. ऑगस्ट २०२४ पासून इंटेलनं त्यावर मायक्रोकोडचे (सीपीयूच्या आतल्या सूचनांचे) अपडेट दिले आणि त्या सीपीयूंची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. लोड टेस्टच्या आधी बायोस अपडेट करा. आधीच बिघडलेला सीपीयू अपडेटनं सुधारत नाही, तो बदलूनच घ्यावा लागतो.

यूपीएस वापरणार असाल तर त्याचीही परीक्षा आत्ताच घ्या. गेम चालू असताना भिंतीवरचं बटन बंद करा. घरोघरी असणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो. तुमचा संच मॉनिटरसकट त्यात बसेल, पण मोठ्या कार्डाला तो पुरणार नाही. बटन बंद करताच पीसी रीस्टार्ट झाला तर आधी दुसऱ्या यूपीएसवर करून बघा, मगच एसएमपीएसकडे वळा.

काही परत करायची वेळ आली तर दुकानात नुसतं 'चालत नाही' म्हणू नका. मेमटेस्टच्या एररचा फोटो, कोणती स्टिक कोणत्या स्लॉटमध्ये तपासली त्याची नोंद, बायोसची आवृत्ती, मीटरचा आकडा आणि बिल सोबत न्या. दुकानदार समोरच त्याच्या बोर्डवर पार्ट लावून बघेल. दोष तापल्यावरच दिसत असेल तर ते आधीच सांगा आणि पार्ट ठेवून घेऊन तासभर चालवायला लावा, नाहीतर पाच मिनिटांत 'ओके आहे' म्हणून तोच पार्ट परत हातात पडतो.